दुसऱ्या पानावर एकटी स्वाक्षरी

संपादक महोदय,

सध्या परीक्षांच्या प्रवेशपत्रांचे दिवस असल्याने आमच्या झेरॉक्सच्या दुकानात सकाळपासून रांग असते. गेल्या आठवड्यात एका मुलीच्या प्रवेशपत्राची दोन पाने निघाली. पहिल्यावर फोटो, आसनक्रमांक व सूचना, तर दुसऱ्यावर 'उमेदवाराची स्वाक्षरी' एवढी एकच ओळ आणि तळाशी संकेतस्थळाचा पत्ता. केंद्रावर हे चालेल का, या धास्तीने ती रडकुंडीला आली होती.

अशा वेळी गिऱ्हाईक प्रिंटरला किंवा दुकानदाराला दोष देते. पण चूक बहुधा ते वेबपान तयार करणाऱ्याची असते. आपल्याकडे कागद ए४, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरचा. मात्र अनेक संगणकांवर अमेरिकी 'लेटर' हेच माप निवडलेले राहते, आणि ते सुमारे १८ मिलिमीटर आखूड असल्याने शेवटची ओळ खाली घसरते. मग आम्ही 'स्केल' ९० टक्क्यांवर आणून पुन्हा प्रिंट काढतो.

वास्तविक वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये छापील पानासाठी 'अ‍ॅट पेज' हा नियम १९९८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. त्यात कागदाचे माप आणि समास लिहून ठेवता येतात. मापाची सूचना क्रोम कित्येक वर्षांपासून पाळतो, फायरफॉक्सही २०२१ च्या अखेरीपासून पाळू लागला. स्वाक्षरीची चौकट दोन पानांत तुटू नये, वरचा मेनू आणि रंगीत पट्ट्या छापल्या जाऊ नयेत (शाई आमची जाते!), यासाठीही प्रत्येकी एखादी ओळ पुरते.

वेबपानाला सगळेच ठरवता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. कोणता प्रिंटर, किती प्रती, पाठपोट की एका बाजूला, हे ब्राउझर वेबपानाच्या हाती देत नाही. वेबपान फार तर प्रिंटची खिडकी उघडू शकते. हे योग्यच आहे, नाहीतर कोणतेही संकेतस्थळ उघडताच आमच्या ट्रेमधले कागद संपले असते. म्हणूनच प्रवेशपत्रासारख्या महत्त्वाच्या कागदासाठी ए४ मापाची तयार पीडीएफ देणे अधिक बरे.

ते जमणार नसेल, तर पान खुले करण्यापूर्वी संबंधित कार्यालयाने त्याची एक प्रत काढून पाहावी, आणि तीही आपल्या कार्यालयातल्या नव्हे, बाहेरच्या एखाद्या दुकानातल्या संगणकावरून.

– एक झेरॉक्स-व्यावसायिक, सांगली