डोंगरात सोडलेला प्रत्येक धावपटू मोजून परत घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भातमळणी उरकून ऊसतोड सुरू झाली की आपल्या भागात आता आणखी एक हंगाम सुरू होतो, तो डोंगरधावांचा. पूर्वी पहाटेचे धावणे म्हणजे बेळगावातल्या वॅक्सिन डेपोच्या मैदानावरच्या फेऱ्या, नाहीतर सैन्यभरतीसाठी १६०० मीटरची वेळ बसवणारी खेड्यापाड्यांतली मुले. आता तीच मुले, आणि त्यांच्याबरोबर शहरातले डॉक्टर, इंजिनिअर, काही गृहिणीसुद्धा, वैजनाथ-महिपाळगडच्या डोंगरांत आणि जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तीस-तीस, पन्नास-पन्नास किलोमीटर धावू लागली आहेत. शाळेत आयुष्यभर खेळ शिकवलेल्या माणसाला याहून मोठा आनंद तो कोणता? ही धाव आपल्याकडे रुजावी, वाढावी, असे मनापासून वाटते म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

माझी मागणी एकच आहे. सकाळी जितके धावपटू डोंगरात सोडले, तितके संध्याकाळी मोजून परत घ्यावेत. जो पुरी धाव संपवतो त्याचीही मोजणी, आणि जो अर्ध्यातून सोडतो त्याची तर आधी मोजणी.

गेल्या हिवाळ्यात आमच्या बाजूला अशी एक धाव झाली. पदके वाटून झाली, मंडप उतरला, आयोजक शहराकडे गेले. दिवस मावळता मावळता एका मुलाचा मित्र आमच्या गावात विचारत आला, "आमचा एक जण इकडे आला का?" थंडीत सहा वाजता अंधार पडतो. गावातली दहा-पंधरा माणसे आणि वरच्या गवळीवाड्यातले दोघे बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन निघाली. दोन ओढे पालथे घातले, हाका मारून घसे बसले. ज्या रानात अस्वलाच्या भीतीने आम्ही दिवसासुद्धा एकटे जात नाही, त्या रानात ही माणसे रात्री दहापर्यंत फिरली. शेवटी निरोप आला की मुलगा घरी झोपला आहे. पायात गोळे आले म्हणून दुपारीच तो डांबरी रस्त्यावर उतरला आणि दुधाच्या टेम्पोत बसून बेळगावला गेला. कोणाला सांगायचे असते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याचा काय दोष? मला काळजी पुढच्या वेळेची आहे. पुढच्या वेळी खरोखरच एखादा घोटा मोडून घळीत पडलेला असेल, आणि सगळे म्हणतील, "गेला असेल टेम्पोने घरी."

ज्यांच्याकडे ही डोंगरधाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला आहे. उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये तिला फेल रनिंग म्हणतात (फेल म्हणजे तिकडच्या बोलीत डोंगर). केसविक गावात पाहुण्यांसाठी घर चालवणाऱ्या बॉब ग्रॅहम यांनी १९३२ च्या जूनमध्ये ४२ शिखरे २४ तासांच्या आत पार केली. सुमारे १०६ किलोमीटरचा तो फेरा आजही लोक धावतात, काही जण मुद्दाम हिवाळ्यात. तिथे डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो, वर बर्फ आणि गोठलेला खडक, त्यामुळे बहुतेक फेरा कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडातच होतो. जानेवारीतली स्पाइन रेस तर ४३१ किलोमीटरची, सात दिवसांच्या मुदतीची. २०१९ साली ती जास्मिन पॅरिस या पशुवैद्य असलेल्या बाईंनी ८३ तास १२ मिनिटांत सर्व पुरुषांना मागे टाकून जिंकली. घरी चौदा महिन्यांची मुलगी होती, तिच्यासाठी वाटेतल्या थांब्यांवर त्या दूध काढून ठेवत होत्या. आमच्या मुलींना मी ही गोष्ट नेहमी सांगतो.

इतके कणखर लोक, पण नियम साधे आणि कडक. फेल रनिंगच्या शर्यतीत धाव सोडली तरी शेवटच्या ठिकाणी येऊन किंवा आयोजकांना गाठून तसे सांगावेच लागते. हवा आणि अंतर पाहून नकाशा, होकायंत्र, शिट्टी, पाऊस-वारा अडवणारे जाकीट, टोपी, हातमोजे आणि अडीनडीचे खाणे प्रत्येकाने स्वतःच्या पाठीवर न्यायचे असते. वाटेत कोणी अडकला तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचे. ही शिट्टी आपल्या कोणत्याही जत्रेत मिळते. घसा बसल्यावर हाक निघत नाही, शिट्टी वाजते.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? मुद्दा बर्फाचा नाही. जानेवारीच्या पहाटे सड्यावर दहा-बारा अंश, अंगात दवाने आणि घामाने भिजलेला सुती बनियन, वर घाटातून येणारा वारा, आणि पाय दुखावल्यामुळे धावणे थांबलेले. चालत्या अंगाला जी थंडी जाणवत नाही, ती बसल्या जागी तासाभरात शरीराची ऊब काढून घेते. चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी १०० किलोमीटरच्या डोंगरधावेत १७२ जण उतरले होते. भर मे महिना, म्हणून वारा अडवणारे जाकीट सक्तीचे केलेले नव्हते. वर अचानक गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला आणि २१ धावपटू गारठून मरण पावले. त्यांत देशातले नामांकित धावपटू होते. त्याच डोंगरात झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ होता. त्याने धावपटूंना गुहेत नेले, शेकोटी पेटवली आणि सहा जणांचे प्राण वाचवले.

आपल्या डोंगरातही तशी माणसे आहेत. कुठला झरा पौषातही आटत नाही, गवे कोणत्या खिंडीतून उतरतात, करड, म्हणजे डोंगरातले गवत, वाळल्यावर कोणत्या उतारावर पाय ठरत नाही, हे गवळी-धनगरांना ठाऊक आहे. आमगावसारख्या गावातून पावसाळ्यात आजारी माणसाला रानातून खांद्यावर आणावे लागते, त्या बातम्या आपणच छापता. मार्ग ठरवताना या लोकांना कोणी विचारत नाही, आणि माणूस हरवला की पहिली हाक त्यांनाच. त्यांना वाटेवरच्या थांब्यांवर मानाने बसवावे, दिवसाची मजुरी द्यावी.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे ती सीमेची. वैजनाथाचा डोंगर चंदगड तालुक्यात, पायथ्याला उतरलात की बेळगाव, आणि चोर्ल्याच्या पलीकडे गोवा. मोबाइल कधी या राज्याचा मनोरा पकडतो, कधी त्या, आणि कित्येक घळींत कुठलाच नाही. माणूस हरवला तर कुठल्या ठाण्यात जायचे, इथूनच घोळ सुरू होतो. म्हणून धावेच्या आदल्या दिवशी मार्गाचा नकाशा आणि धावपटूंची यादी दोन्ही बाजूंच्या पोलीस ठाण्यांत, वन खात्याकडे आणि वाटेवरच्या गावांच्या पंच कमिट्यांकडे असली पाहिजे. भीमगड अभयारण्यात तर परवानगीशिवाय पाऊल टाकू नये, हे वेगळे सांगायला नको.

यादीचा उपयोग धावेनंतरही होतो. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंतचे दिवस आपल्याकडे माकडतापाचे. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याची साथ आली होती. गोचीड चावल्यावर ताप यायला तीन ते आठ दिवस लागतात, तोवर धावपटू पुण्याला किंवा बेंगळूरला पोचलेला असतो. आयोजकांनी आठवड्याने एक फोन केला तर तो डॉक्टरांना निदान सांगेल तरी, की मी या रानात गेलो होतो.

हे सगळे करायला फार पैसा लागत नाही. एक वही, दोन जबाबदार माणसे, आणि शेवटचे नाव टिपेपर्यंत मंडप न उतरवण्याचा निश्चय. ज्या धावेत ही वही नसेल, तिच्यासाठी आमच्या गावच्या युवक मंडळाने यंदा स्वयंसेवक न देण्याचे ठरवले आहे. आसपासच्या गावांनीही तसे ठरवावे आणि आयोजकांनी त्यावर आपल्या दैनिकातून उत्तर द्यावे, अशी विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
जांबोटी परिसर, ता. खानापूर