ओएई पास झाल्यावरही न थांबलेल्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

कानाच्या आतल्या पेशी आवाजाला प्रतिसाद देतात का, हे पाहणारी ओएई चाचणी पास झाली, तरी लेक हाकेला वळत नाही, हे माझं म्हणणं तुम्ही उडवून लावलं नाहीत. लगेच बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे पोहोचतो का हे पाहणारी चाचणी, करायला लावलीत. त्या चाचणीच्या आलेखात लाटाच उमटल्या नाहीत. एक कागद म्हणे कान ठीक, दुसरा म्हणे ऐकू येत नाही. दोन्ही खरे कसे, हे तुम्ही समजावून सांगितलंत.

आवाज टिपणाऱ्या, टोकाला बारीक केस असलेल्या पेशी कानात आत असतात, त्या केसपेशी. ओएईत दिसते ती त्यातल्या बाहेरच्या रांगांमधल्या केसपेशींची हालचाल. एका कानात त्या साधारण १२,००० असतात आणि लेकीच्या त्या उत्तम आहेत. पण मेंदूकडे निरोप जातो तो मुख्यतः आतल्या रांगेतल्या साधारण ३,५०० केसपेशींकडून. त्यातली एक तुम्ही रिपोर्टच्या पाठीवर पेनाने काढलीत. आवाजाने तिचे केस कलतात, पोटॅशियम आत शिरतं, मग तळाकडे कॅल्शियम येतं आणि ग्लुटामेट या निरोप नेणाऱ्या रसायनाने भरलेल्या पिशव्या पेशीच्या कडेला जाऊन रिकाम्या होतात. ते ग्लुटामेट मिळालं की श्रवणाची नस जागी होते. पिशव्या रिकाम्या व्हायला ओटोफर्लिन हे प्रथिन लागतं, असं म्हणून तुम्ही तिथे गोल केलात. पुढे जनुकीय तपासणीत दोष नेमका त्याच्याच जनुकात निघाला.

त्या गोलामुळे आम्हाला निर्णय घेता आला. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण ग्लुटामेटच सुटत नसेल तर मोठा आवाजही तिथेच अडतो. कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं उपकरण, थेट नसेलाच विजेचे संकेत देतं, रसायनाची वाट पाहत नाही. २०२४ मध्ये याच दोषावरच्या जीन थेरपीने काही मुलांना ऐकू येऊ लागल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा थांबावं का म्हणून मी तुम्हाला किती मेसेज केले! ते उपचार तेव्हा चाचणीच्या टप्प्यात होते आणि भाषा शिकायचं वय थांबत नाही, हे तुम्ही दर वेळी न कंटाळता सांगितलंत.

इम्प्लांटनंतर आता लेक दुसऱ्या खोलीतून हाक मारली तरी ओ देते. स्पीच थेरपी चालू आहे, गोंगाटात अजून गडबडते.

हे सगळ्यांसमोर लिहिलं, कारण नुसत्या ओएईवर अशी मुलं सुटून जातात. बाळ आवाजाला दाद देत नसेल, तर ओएई पास असली तरी पालकांनी बेरा करून घ्यावी. आमच्यासाठी तो आग्रह तुम्ही धरलात. मनापासून आभार, मॅडम.

तुमची ऋणी,
लेकीची आई