मुलाच्या लग्नाबद्दल, वसईच्या मित्रास

ठाणे,
रविवार दुपार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सुकेळी पोचली. आईनं तिच्या वाटणीची लगेच उशाशी नेऊन ठेवली, बाकीचा डबा नातीनं उघडला तो मिटलाच नाही. डब्याच्या तळाशी तुझी चिठ्ठी होती. "पोरगी हिंदू आहे, डोंबिवलीची. घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. तुझ्या पोरीच्या वेळी तू काय केलंस ते कळव." वागळे इस्टेटला इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसलास, पण तुझ्याकडून इतकं सरळ वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. वहिनींनी जेवण टाकलंय हे मात्र तू लिहिलं नाहीस. ते आमच्या हिच्याकडून कळलं. बायकांचे फोन आपल्या आधी होतात.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "बरं, बरं" म्हणत राहतोस आणि ऐकत नाहीस, म्हणून लिहितो.

आधी कागदांचं. लोक त्यालाच घाबरतात आणि ते सगळ्यात सोपं आहे. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी बिशपांच्या परवानगीशिवाय लावलेलं लग्न चर्च धरत नाही, परवानगी असली की धरतं. अर्ज पॅरिश प्रीस्टच, म्हणजे आपल्या चर्चचे फादरच, पाठवतात, तुला कुठं खेटे घालायचे नाहीत. आमच्या पोरीची परवानगी मुंबईच्या आर्चबिशपांकडून आली, तुमची वसईच्या बिशपांकडून येईल. १९९८ साली वसई धर्मप्रांत वेगळा झाला नसता तर आपले दोघांचे अर्ज एकाच टेबलावर गेले असते. मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला ताजा काढून घे, घरच्या कपाटातला जुना चालत नाही. मुलीचं अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल, आणि दोघांना लग्नाआधीचा कोर्स करावा लागेल.

एक गोष्ट वहिनींच्या कानावर आत्ताच घाल. हे लग्न पूर्ण आणि खरं असतं, पण दोघांपैकी एकाचा बाप्तिस्मा झालेला नसल्यामुळे त्याला साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार, म्हणत नाहीत, आणि विधी सहसा मिस्साशिवाय, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या (कम्युनियनच्या) उपासनेशिवाय, होतो. शास्त्रवाचन, प्रवचन, वचनं, अंगठ्या, आशीर्वाद, झालं. आमच्या हिला हे लग्नाच्या आठवड्यात कळलं. ज्या बाईनं पोरीच्या पहिल्या कम्युनियनचा फ्रॉक अजून जपून ठेवलाय, तिला "मिस्सा नाही" हे कसं लागलं असेल ते तू समजू शकतोस.

पोरं कंटाळली की कोर्टात जाऊ म्हणतील. १९५४चा स्पेशल मॅरेज ॲक्ट आहे, तीस दिवसांची नोटीस लागते आणि काम होतं. पण नुसतं कोर्टात लावलं तर चर्चच्या लेखी तुझा मुलगा बिनलग्नाचाच राहतो, आणि ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभं राहणं बंद होतं. पुढं ते सुधारता येतं, पण सुधारायची वेळ कशाला आणायची? आणि चर्चमध्ये लावलेलं लग्न कायद्यालाही चालतं. १८७२च्या ख्रिश्चन मॅरेज ॲक्टला दोघांतलं एक ख्रिस्ती असलं की पुरतं.

आता खरी गोष्ट. वचन.

आमच्या पॅरिशच्या ऑफिसात फादरांनी दोघांना आधी वेगवेगळं बसवून विचारलं. कोणी जबरदस्ती केली आहे का, लग्न कायमचं असतं हे मान्य आहे का, मुलं हवी आहेत ना. मग दोघांना एकत्र बसवलं आणि एक कागद पोरीसमोर ठेवला. मी आपल्या श्रद्धेशी बांधलेली राहीन, आणि होणाऱ्या सगळ्या मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी माझ्या हातात आहे ते सगळं करीन, असा त्याचा मजकूर. पोरीनं पेन उचललं. फादर म्हणाले, थांब. कागद त्यांनी फिरवून जावयापुढं सरकवला आणि म्हणाले, मोठ्यानं वाच. त्यानं वाचला. मग विचारलं, "माझी सही कुठं?"

"तुझी नाही. वचन तिचं आहे. तुला ते माहीत असलं पाहिजे, एवढंच चर्च मागतं."

"आणि मी उद्या नाही म्हटलं तर?"

"तर ती प्रयत्न करेल आणि तुम्ही भांडाल. म्हणून आज वाच."

जावई बराच वेळ कागद बघत बसला. मग म्हणाला, मला दोन दिवस द्या. आमच्या हिचा चेहरा पडला. मला मात्र त्या क्षणी तो पोरगा आवडला. जो झटकन हो म्हणतो त्याचं मला कधी खरं वाटत नाही. पूर्वी हे वचन दोघांकडून घेत असत. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी नियम बदलला, तेव्हापासून ते फक्त कॅथलिक जोडीदाराचं. माझ्या मते हा बदल फार शहाणपणाचा, कारण ज्याची श्रद्धा त्याच्याच खांद्यावर ओझं आलं. तुझ्या मुलाला हे कळलंय का, ते बघ. त्या मुलीला तो काय सांगतोय? "अगं, नुसती फॉर्मॅलिटी आहे" असं सांगत असेल तर आत्ताच त्याचा कान धर. भांडण व्हायचं असेल तर साखरपुड्याआधी होऊ दे, पाळण्याशेजारी नको.

आणि हात जोडून सांगतो, त्या मुलीला लग्नासाठी बाप्तिस्मा घे म्हणू नका. तुमच्या वाडीतलं कोणीतरी सुचवणारच, म्हणजे सगळं सोपं होईल, मिस्सा होईल, लोकांची तोंडं बंद होतील. मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा ही महिनोन्‌महिन्यांच्या तयारीची गोष्ट आहे, ईस्टरच्या जागरणाच्या रात्री देतात तो. हॉलची तारीख मिळाली म्हणून उरकायचा नसतो. तिला पुढं कधी मनापासून वाटलं तर देव आहे आणि ती आहे. चर्च लग्नासाठी तिच्याकडून ते मागत नाही, तर आपण कोण मागणारे?

विहीणबाईंचंही ऐक. त्यांना सप्तपदी हवी होती. चर्चचा नियम असा की लग्नाची संमती एकदाच द्यायची, त्याच लग्नाचा दुसरा धार्मिक विधी आधी नाही आणि नंतरही नाही. हे त्यांना सांगायला मी कळव्याला त्यांच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, म्हणजे आमच्या देवासमोर काहीच नाही? उत्तर सोपं नव्हतं. शेवटी जे करता येईल ते मोजायला बसलो. हळद? ती तर आपल्याकडंही लागते. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. मंगळसूत्र? आपल्या बायकाही घालतात. मग काळे मणी आणि दोन वाट्या त्यांनी केल्या, मधला छोटा क्रूस आम्ही केला, आणि फादरांनी अंगठ्यांबरोबर तेही आशीर्वादित केलं. विधीतच त्याला जागा आहे. घरात शिरताना माप ओलांडलं. आणि आमच्या उंबराच्या पाण्याला, विहिरीवरून पाणी आणायच्या विधीला, त्यांच्याकडच्या बायका आपणहून आल्या. पाखाडीतली विहीर आता जाळी टाकून बंद आहे, बादली जाते एवढंच भोक ठेवलंय. बँडवाला वाजवतोय, बायका लुगडं सावरत त्या भोकातून पाणी ओढतायत, आणि विहीणबाई विचारतायत, हे ख्रिश्चन लग्न आहे ना नक्की?

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावर जे मोठं पत्र काढलं, 'आमोरिस लेतित्सिया', त्यात अशा लग्नांना रोजच्या जगण्यातल्या सर्वधर्मसंवादाची खास जागा म्हटलंय. अडचणी असतात हेही लगेच सांगितलंय. आमच्याकडं पहिला संवाद फ्रीजवरून झाला, पोरीनं माहेरून नेलेलं डुकराच्या मांसाचं सोरपोतेल कुठल्या कप्प्यात ठेवायचं यावरून. तो तह अजून टिकून आहे, खालचा कप्पा आणि झाकणाचा डबा. पण उपवासकाळात शुक्रवारी मटण नाही म्हटल्यावर विहीणबाईंना आमचा धर्म पहिल्यांदा कळला. त्यांचा श्रावण आणि आमचा चाळीस दिवसांचा काळ, या विषयावर त्या दोघी सासू-सून तासभर बोलू शकतात.

गणपतीला पोरगी दीड दिवस राबते. सजावट करते, पाहुण्यांचं बघते, आरतीच्या वेळी मागं हात बांधून शांत उभी राहते. पूजा करत नाही, आणि तिला कोणी कर म्हणतही नाही. प्रसादाचा मोदक खाल्ला तर चालतं का, यावर आमच्या आईचं एक मत आणि फादरांचं दुसरं. संत पौलानं करिंथच्या लोकांना नैवेद्याच्या अन्नावर अख्खा अध्याय लिहिला, म्हणजे प्रश्न काही आजचा नाही.

नातीच्या बाप्तिस्म्याला थोडी ओढाताण झाली, लपवत नाही. नियमानं आई-बापांपैकी एकाची संमती पुरते, पण फादरांनी जावयाशी बोलल्याशिवाय तारीख दिली नाही. तो हो म्हणाला. त्याला त्या दिवशी ऑफिसात वाचलेला कागद आठवत होता. अडलं ते गॉडमदरवर, बाळाच्या धर्ममातेवर. त्याच्या बहिणीला व्हायचं होतं. पण गॉडपेरंट कॅथलिक लागतो, दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार, झालेला, सोळा वर्षं पूर्ण केलेला. ती हिरमुसली. मग बाळाचं पांढरं वस्त्र तिच्या हातात दिलं, तिनंच ते फादरांपुढं धरलं. बारसं कळव्याला आधीच झालं होतं, घुगऱ्यांसकट. नाव दोन्हीकडं तेच.

तू लिहिलंस, "आपल्या घरातला विश्वास माझ्या हयातीत संपणार." मला हे पटत नाही, आणि का ते सांगतो. माझा धाकटा कोणाशीही लग्न न करता चर्चबाहेर गेला. दोन्ही बाजूंनी कॅथलिक, सात पिढ्यांचा. लॉकडाउनमध्ये मिस्सा मोबाईलवर आली, ती त्यानं चहा घेत, लोळत बघितली, मग आवाज बंद करून, मग नाहीच. ७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेच्या दिवशी, सरकारनं सगळी प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली. आपल्या रोझरी मातेचा सणही त्याच दिवशी. मी त्याला उठवायला गेलो तर म्हणाला, बाबा, आता सवय गेली. हिंदू मुलगी नाही, कोर्ट नाही, काही नाही. नाताळला येतो, फोटोपुरता. आणि थोरली, जिच्यासाठी सगळ्यांनी अश्रू गाळले, ती दर रविवारी कळव्याहून पोरीला घेऊन येते, कारण तिला घरी रोज कोणीतरी विचारतं की तुमच्यात हे का करतात? उत्तर द्यायचं तर माहीत असावं लागतं. आम्हाला कोणी कधी विचारलंच नाही.

शिवाय आपण "आपल्यातलं" म्हणतो ते नेमकं काय? आपल्या तरुणपणी तुमच्याकडं कुपारी ख्रिस्त्यानं वाडवळ ख्रिस्त्याची मुलगी केली तरी गाव महिनाभर चघळत होतं. दोन्ही घरांत तीच माळ, तोच क्रूस. तेव्हा धर्माचा प्रश्न नव्हता, तरी जेवणं टाकली जात होतीच. वहिनींना हे मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

ठाण्यातल्या ख्रिस्ती घराची सगळ्यात जुनी गोष्ट तुला माहीत आहे? १३२१ साल. चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात एका सिरियन ख्रिस्ती कुटुंबाकडं उतरले होते. नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्यानं मारलं, बायको काझीकडं गेली आणि साक्षीदार म्हणून पाहुण्यांचं नाव सांगितलं. साधूंना बोलावणं आलं, बोलणं धर्मावर गेलं आणि चौघांचाही जीव गेला. ओदोरिक नावाचा त्यांचाच एक साधू मागून आला, त्यानं त्यांच्या अस्थी थेट चीनला नेल्या आणि ही सगळी हकिगत सांगितली. एकाच धर्माचं नवरा-बायको होतं ते. मासुंदा तलावाशेजारून सेंट जॉनला जाताना मला हे हटकून आठवतं आणि हसूही येतं, जे मिस्साला जाताना बरं नाही.

आई अजून पूर्ण विरघळलेली नाही. संध्याकाळी रोझरीला, माळेच्या प्रार्थनेला, घरच्या आल्तारपुढं बसते, मेणबत्ती स्वतः लावते, आणि जावई आलेला असेल तर त्यालाही बसवते. तो बसतो, फोन उलटा ठेवून, माळेची पाचही दशकं. उठला की आई मला हळूच सांगते, "बसतो चांगला, पण पाय हलवतो." मी म्हटलं, तुझा नातू तर बसतही नाही. त्यावर गप्प.

तर आता असं कर. येत्या शनिवारी मुलाला आणि त्या मुलीला घेऊन आमच्याकडं ये. घोडबंदरला गर्दी लागते, सकाळी लवकर निघ. जावई त्या मुलीशी बोलेल, त्याला कोणी विचारलेलं आवडतं, आणि आपण दोघं बाल्कनीत बसू. वहिनी येत नसतील तर आग्रह करू नकोस, आमची ही त्यांना शुक्रवारी फोन करणार आहे आणि त्यात तुझं-माझं काही काम नाही. फादरांना भेटायला जाण्याआधी मुलीच्या आईवडिलांना एकदा भेटून ये. त्यांच्याही घरात कोणीतरी जेवत नसेल.

बाटली मसाला यंदाचा काढून ठेवलाय. रिकाम्या बाटल्या घेऊन ये, मागच्या वर्षीच्या अजून तुझ्याकडंच आहेत.

तुझाच,
ठाणेकर