नोटीस फोटोत नको, अक्षरात द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सध्या आमच्याकडे जो उठतो तो वेबसाइट काढतोय. होमस्टेवाला काढतोय, आंबा बागायतदार काढतोय, पतसंस्था काढतेय, देवस्थानांच्या पण निघाल्यात. काढा की, मी स्वतः दापोली-गुहागर पट्ट्यात हीच कामं करतो, त्यावरच घर चालतं. माझं गाऱ्हाणं वेगळं आहे. यातल्या बऱ्याचशा साइट मुंबईत फायबरवर बसून बघायला बनवल्यासारख्या असतात, आणि इथला माणूस त्या बघतो जुन्या फोनवर, सड्यावर उभं राहून, रेंजची एकच काडी असताना.

साधी नोटीस घ्या. ती कुणीतरी कॉम्प्युटरवर टाइप केलेली असते, म्हणजे मजकूर तयारच असतो. मग तिची प्रिंट निघते, सही होते, शिक्का बसतो, आणि मग त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून नाहीतर स्कॅन करून तो साइटवर चढवतात. चांगली जिवंत अक्षरं होती ती मारून त्यांचा फोटो लावला असा हा प्रकार. हिशेब करून बघा, युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, प्रत्येक काना-मात्रेला सहसा तीन बाइट लागतात, पानभर नोटीस दोन हजार चिन्हांची धरली तरी झाले सहा केबी. तिचाच फोटो सहज तीन-चार एमबीचा होतो. टूजीवर सेकंदाला शंभरेक किलोबिटचा स्पीड मिळाला (आठ बिटांचा एक बाइट) तर सहा केबी अर्ध्या सेकंदात येतात आणि चार एमबीला पाच मिनिटांच्या वर लागतात, तेही मधे लाइन तुटली नाही तर.

कोण वापरतं आता टूजी, असं शहरातले म्हणतील. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, त्यानंतर दापोली-मंडणगडात किती दिवस लाइट नव्हती ते इथल्यांना विचारा. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते, आणि जुलैत चिपळूणचा पूर. लाइट गेली की टॉवर बॅटरीवर, बॅटरी संपली की डिझेलवर, डिझेल संपलं की सगळंच ठप्प. जो एखादा टॉवर चालू असतो त्यावर अख्खा तालुका लटकलेला असतो. नेमकी तेव्हाच माणसाला खरी माहिती पाहिजे असते, पंचनामा कुठे, मदत कशी मिळणार, रस्ता कुठला बंद, आणि नेमकी तेव्हाच ती माहिती फोटोत अडकलेली असते. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हणून जे इशारे फिरतात तेसुद्धा बहुतेक रंगीत चित्रं असतात, ती पण फॉरवर्ड होऊन होऊन इतकी पुसट झालेली की तारीख वाचता येत नाही. कालचा इशारा की गेल्या वर्षीचा, कळायला मार्ग नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या वाडीत एक तात्या आहेत, काचबिंदूने दृष्टी गेली पण माणूस फोनवर आपल्यापेक्षा फास्ट. फोनमधलं टॉकबॅक चालू असतं, बोट फिरवतात आणि फोन वाचून दाखवतो. तुमच्या पेपराच्या साइटवरच्या बातम्या ते असंच ऐकतात. एकदा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याबद्दल एक सूचना होती ती त्यांनी माझ्यासमोर उघडली. फोन म्हणाला, इमेज. बोट सरकवलं, परत इमेज. मग, अनलेबल्ड, बटन. अजून खाली, अनलेबल्ड, बटन. संपलं पान. तात्या म्हणाले, काय रे हे, सरकारने मुक्याला बोलायला बसवलंय काय. मी बघितलं तर पाऊण पान मजकूर होता, सगळा फोटोत, आणि बटणं होती डाउनलोड आणि प्रिंटची, त्यांना नावंच दिलेली नव्हती. बटणाला नाव द्यायला कोडमध्ये दोन शब्द लिहावे लागतात हो, जास्त काही नाही.

काही ठिकाणी अक्षरं असतात पण ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातली, डोळ्याला मराठी दिसतं आणि फोन वाचतो इंग्रजी अक्षरांची आणि स्वल्पविरामांची खिचडी. आणि काही ठिकाणी सगळं नीट असूनसुद्धा हे पान मराठी आहे एवढं कोडमध्ये एका ओळीत सांगायचं राहून जातं, मग कुठल्यातरी परक्या आवाजात मराठीची जी चिरफाड होते ती ऐकवत नाही.

हे सगळं उपकार म्हणून मागत नाहीये. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे, त्याच्या कलम 42 मध्ये माहिती सगळ्यांना वापरता येईल अशा स्वरूपात हवी असं सांगितलंय. सरकारी साइट कशा असाव्यात याचे नियम केंद्राने 2009 मध्येच काढले, 2023 ला त्यांची तिसरी आवृत्ती आली. आणि 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निकाल दिला. ते प्रकरण मुळात केवायसीचं, म्हणजे बँक वगैरेंच्या ओळख-पडताळणीचं होतं, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हणतात, आणि ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या बाईने ते करायचं कसं? कागदावर आपण कुठेच कमी नाही.

खाजगीवाले पण काही कमी नाहीत. होमस्टेवाल्याला पहिल्या पानावर ड्रोनचा व्हिडिओ हवाच असतो, वर आपोआप वाजणारं गाणं. बारा मेगापिक्सेलचे, चार हजार पिक्सेल रुंद फोटो जसेच्या तसे टाकतात आणि पानावर ते चारशे पिक्सेलच्या चौकटीत दाखवतात, म्हणजे बाकीचा डेटा गिऱ्हाइकाने फुकट भरायचा. समुद्राच्या फोटोवर पांढरी अक्षरं, तीही पातळ. अक्षर आणि मागचा रंग यांच्यात उजळपणाचा निदान साडेचारास एक एवढा फरक पाहिजे असं जगभर मानलेलं प्रमाण आहे, ते काही फक्त अंधांसाठी नाही. दुपारी हर्णेच्या किनाऱ्यावर उन्हात उभं राहून रूमचा रेट बघायचा प्रयत्न करा, मग कळेल.

आणि यात वीज पण जळते हे आपण धरतच नाही. 2024 मध्ये जगातली साधारण दीड टक्के वीज एकट्या डेटा सेंटरांनी खाल्ली, आणि आपल्याकडे त्या वर्षी चारातली जवळपास तीन युनिट वीज कोळशाची होती. त्यात फोन बनवतानाच बहुतेक कार्बन खर्च झालेला असतो, म्हणजे तो जितकी जास्त वर्षं चालेल तितकं बरं. पण साइट जड होत गेल्या की जुना फोन अडखळायला लागतो आणि माणूस म्हणतो, आता नवीन घ्यायला हवा. फोन चांगला असतो, पान खराब असतं. माझ्या मते हलकी साइट आणि सगळ्यांना वापरता येणारी साइट ही दोन वेगळी कामं नाहीतच, मजकूर मजकूर म्हणून ठेवला, फोटो आधी बारीक करून टाकले, व्हिडिओ हवा त्याने दाबून बघावा असं केलं, की दोन्हीतलं बरंचसं एकदमच होतं, आणि होस्टिंगचं बिल पण कमी येतं. गिऱ्हाइकाला मी शेवटचा मुद्दा पहिला सांगतो, लगेच पटतो.

एक सावधगिरी मात्र. हल्ली साइटच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं छोटं चित्र लावून देणारे आलेत, कोडची एक ओळ टाका आणि साइट दिव्यांगांसाठी तयार म्हणतात. असं काही होत नाही. अमेरिकेत असाच दावा करणाऱ्या एका कंपनीला 2025 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने दहा लाख डॉलर भरायला लावले. मुळात नोटीस फोटोतच असेल तर ते चित्र काय वाचणार, कपाळ? त्यापेक्षा साइट बनवून घेणाऱ्याने पैसे द्यायच्या आधी स्वतःच्या फोनवर टॉकबॅक चालू करावं, डोळे मिटावेत आणि आपल्याच साइटवर रूम बुक करून दाखवावी. एवढी एक अट करारात घाला, आमच्यासारखे साइट बनवणारे आपोआप सुधारतील.

आता एक तुमच्याकडे. तुमचा ई-पेपर आहे ना, ते पण पानाचं चित्रच आहे. पत्र छापलंत तर त्या चित्रात राहू देऊ नका, साइटवर मजकूर म्हणून पण टाका, तात्यांना ऐकायचंय.

आपला,
एक वाचक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी