मनगट मोडले, तेव्हाच हाडे तपासा

पावसाळ्यात ओल्या लाद्यांवर, मोरीच्या उंबरठ्याशी ज्येष्ठ पडतात. मनगट मोडते, सहा आठवड्यांनी प्लास्टर निघते आणि विषय तिथेच संपतो. तो संपायला नको. साठीनंतर नुसते उभ्या-उभ्या पडून हाड मोडले, तर ते ठिसूळ झाले आहे असे धरून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करावी. पुढचा फ्रॅक्चर खुब्याचा असू शकतो. तिच्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर केवळ कॅल्शियम पुरत नाही.

डॉक्टर बहुधा आठवड्याला ७० मिलिग्रॅमची ॲलेंड्रोनेटची, म्हणजे हाडांची झीज रोखणारी गोळी देतात. ती चहासोबत घेतली तर फारच कमी शोषली जाते. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यावी. मग अर्धा तास आडवे होऊ नये, खाऊ नये. नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. ड जीवनसत्त्व कमी असल्यास आधी ते भरून काढावे. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन त्याला उपयोगी नाही.

झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे रात्री उठताना तोल जातो. पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसूनच उभे राहावे. बाथरूममधला टॉवेलचा दांडा आधाराला धरू नये, तो वजनाने निखळतो. पुनर्विकासात जाणाऱ्या सोसायट्यांनी कमोडशेजारच्या भिंतीत आधाराच्या दांड्यासाठी भक्कम जागा आराखड्यातच मागून घ्यावी.

— एक अस्थिरोगतज्ज्ञ, दादर