मंदारच्या परवान्याबद्दल, आणि बाकीचं

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे मजेत. मुलं, नोकरी, थंडी हे सगळं तुम्हाला व्हिडिओ कॉलवर दिसतंच, ते पुन्हा लिहीत नाही. फोनवर आई रडायला लागली की माझं निम्मं बोलणं पोटातच राहतं, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा, पण मधे थांबून स्वतःचं मत घालू नका.

आधी मुद्द्याचं. मंदार इथे पिस्तूल घेऊन फिरायच्या परवान्यासाठी अर्ज करतोय, त्याबद्दल. पुण्यात शिकताना मंदारने डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्या, तेवढ्यावरून इथे पिस्तुलाचा परवाना नाकारत नाहीत. पण "गोळ्यांचं लिहूच नको, पुण्याचं तिकडे कुणाला कळतंय" हा अण्णाकाकांचा सल्ला त्याने ऐकला, तर परवाना जाईल आणि वर गुन्हा दाखल होईल. अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिणं हा न्यू जर्सीत पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. त्यात तो ग्रीनकार्डवाला, म्हणजे पुढे नागरिकत्वाच्या वेळी तेच कागद पुन्हा निघणार. आमच्या वकिलांच्या ऑफिसात असले अर्ज रोज माझ्या हातून जातात, मी ऐकीव सांगत नाहीये.

केंद्राचा बंदुकीचा कायदा १९६८ चा. त्यात गोळ्यांचा प्रश्नच नाही. कोर्टाने किंवा तसा अधिकार असलेल्या मंडळाने 'मानसिक आजारामुळे हा माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला धोकादायक आहे' असं ठरवलं, किंवा त्याला सक्तीने मनोरुग्णालयात भरती केलं, तर बंदी. आपणहून भरती झालेला त्यात येत नाही, ओपीडीत जाणारा तर नाहीच नाही. विक्रीच्या वेळी एफबीआयच्या संगणकात नाव तपासतात. ही सोय १९९८ पासूनची, पण राज्यांनी नावं कळवली तरच तिचा उपयोग. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ज्याने ३२ जणांना मारलं, त्याला कोर्टाने आधी उपचार घ्यायचा आदेश दिला होता, आणि तरी त्याचं नाव त्या यादीत पोचलं नव्हतं.

न्यू जर्सी मात्र केंद्रापेक्षा कडक. २०२२ च्या जूनपर्यंत इथे साध्या माणसाला पिस्तूल घेऊन फिरायचा परवाना जवळजवळ मिळतच नसे, खास गरज सिद्ध करावी लागे. सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कच्या खटल्यात ती अट मोडीत काढली, आणि डिसेंबरमध्ये या राज्याने दुसऱ्या बाजूने नियम आवळले. आता इथे आपणहून मनोरुग्णालयात भरती झालेला माणूसही अडतो. राज्याच्या सुपीरिअर कोर्टात अर्ज करून ती नोंद रद्द करून घेतली, तरच पुढचं दार उघडतं. मंदार एक रात्रही कुठे भरती नव्हता, म्हणून ही भानगड त्याला लागू नाही.

त्याला लागू आहे तो अर्जातला एक वेगळा प्रश्न: कुठल्याही मानसिक त्रासासाठी कधीही डॉक्टरांकडे किंवा दवाखान्यात उपचार घेतलेत का? 'कधीही' म्हणजे भारतातलेही आले. उत्तर 'हो', आणि खाली डॉक्टरांचं नाव, गाव, तारखा. बाबा, इथे तुमचं काम आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्याच्या कॉलेजच्या फायली आहेत, त्यात प्रिस्क्रिप्शन आणि केसपेपर असतील. फोटो काढून पाठवा, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नीट वाचता आला पाहिजे. पुण्याचे डॉक्टर पत्र देत असतील तर घ्या, पण नुसतं ते पुरायचं नाही. पोलीस शंका काढतात तेव्हा न्यू जर्सीचा परवाना असलेल्या डॉक्टरांचं पत्र उपयोगी पडतं. त्यात आजार काय होता, उपचार कधी सुरू झाले, कधी थांबले, आणि आता त्या आजारामुळे बंदूक हाताळण्यात अडथळा येणार नाही, हे शेवटचं वाक्य हवंच. "तब्येत ठणठणीत आहे" एवढ्यावर भागत नाही.

आता इथली एक गंमत, जी मला अजून पचलेली नाही. आपल्याकडे अर्जासोबत डॉक्टरांचा शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा दाखला जोडावा लागतो. इथे माणसाला कुणी तपासतच नाही, फक्त त्याचे कागद तपासतात. अर्जदार संमती देतो, मग प्रत्येक काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, एक अधिकारी असतो तो जुन्या भरतीच्या नोंदी चाळतो. नोंद नाही म्हणजे माणूस ठीक. घरात चार वर्षं अंधारात बसलेला, पण डॉक्टरकडे कधी न गेलेला माणूस यातून सरळ पार होतो आणि वेळेवर औषध घेणारा खुलासे देत बसतो. त्यावर तोड म्हणून चार ओळखीची माणसं लागतात. रक्ताची किंवा लग्नाची नाती चालत नाहीत आणि किमान तीन वर्षांची ओळख हवी. पोलीस त्यांना विचारतात, हा कधी धमक्या देतो का, जिवाचं काही बोलतो का. आणि ही माणसं साहेबाबद्दल किंवा शेजाऱ्याबद्दल असं मोकळेपणाने सांगूनही टाकतात! आपल्याकडे पोलिसाने दार वाजवलं की सगळा वाडा मुका होतो.

अडकतं ते बहुतेक नावापाशी. पासपोर्टवर 'मंदार विनायक', बँकेत नुसता 'मंदार', जुन्या लीजवर तिसरंच स्पेलिंग. मग काउंटीचं उत्तर आठवडेच्या आठवडे येत नाही. म्हणून सगळे जुने पत्ते आणि नावाची सगळी रूपं आधीच लिहायला सांगितलीत. फी दोनशे डॉलर, निर्णय नव्वद दिवसांत, परवाना दोन वर्षांचा. नाकारला तर तीस दिवसांच्या आत कोर्टात सुनावणी मागता येते.

आई, "त्याला बंदूक हवीच कशाला" असं तू चारदा विचारलंस. सोन्याचं दुकान रात्री तो बंद करतो, एवढंच कारण. बाबांच्या ठासणीच्या बंदुकीला तू कधी घाबरली नाहीस, ती निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि एरवी वानरांपुरती होती. ही वेगळी, मान्य. मलाही आवडलेलं नाही. इथे बंदुकीने जे मरतात त्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, मानसिक उपचारांचा तो प्रश्न अर्जात आहे तो उगीच नाही. मी त्याला तोंडावर सांगितलंय: मन पुन्हा खचायला लागलं तर आधी पिस्तूल घराबाहेर जाईल, मग डॉक्टर. तसा कायदाही आहे, घरचं माणूस कोर्टात जाऊन हत्यार काढून घ्यायला लावू शकतं. वेळ आली तर मी जाईन, त्याला राग आला तरी चालेल.

देवरुखच्या स्थळाचं: अर्जातली माहिती गोपनीय असते, तिकडे कुणाच्या कानावर जायची नाही. पण साखरपुड्याआधी मुलीला गोळ्यांचं मंदारनेच सांगावं. लपवून जमवलेलं लग्न मला नको आणि त्यालाही नको. तिला पिस्तुलाचंही सांगायचं, कारण ते तिच्या घरात राहणार आहे.

पैसे सोमवारी पाठवलेत. कौलांचं काम पावसाआधी उरका, गवंड्याला निम्मेच आगाऊ द्या. गणपतीला या वर्षीही येणं जमत नाही. तिकिटं महाग आहेत हे खरं, पण रजाही मी धाकटीच्या शाळेसाठी राखून ठेवली आहे, म्हणून हट्ट करू नका. नैवेद्याचे पैसे वेगळे टाकलेत. आईच्या गुडघ्याचा एक्सरे राहिलाय, तो या आठवड्यात काढा आणि पेटीतल्या कागदांबरोबरच पाठवा.

तुमची,
वैशाली