पाकट आणि दयाळ

रावेर,
१२ एप्रिल

प्रिय दिगू,

तू पाठवलेला पाकट माशाचा फोटो रात्री किती वेळ बघत बसलो होतो. डोक्यापुढची ती दोन शिंगं दिसली आणि कळलं, हे मांटा. जेट्टीवर उताणं टाकलंय म्हणून पोटाकडच्या कल्ल्यांच्या पाच-पाच फटी मोजता आल्या. शार्कच्या फटी बाजूला असतात, पाकटाच्या खाली.

आमच्या पंपघरातल्या दयाळ पक्ष्यावरून तू लिहितोस, "तुझा दयाळ आणि माझं पाकट, दोघंही पंख मारतात, म्हणजे लांबचे भाऊच." अगदीच चूक नाही रे. पाकटाचा छातीचा पर आणि पक्ष्याचा पंख मुळात एकाच जागचे अवयव. पण पाकटाच्या अंगात हाड नावालाही नाही, सगळी कूर्चा, आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तशी. गंमत पुढे आहे. आमच्या हतनूर धरणातला रोहू हाडाचा मासा, दयाळाच्या अंगातही हाडंच, म्हणून तो नात्याने पाकटापेक्षा दयाळाला जवळचा! वर्गात हे सांगितलं तर पोरं विश्वासच ठेवेनात.

नावांचं म्हणशील तर दोघांचीही घरं बदलली. १७५८ साली जिवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने दयाळाला मैनांत बसवलं, पुढे तो कस्तुरांत गेला, आता माशीमारांत आहे. मांटाची स्वतंत्र प्रजाती होती, २०१७ मध्ये जनुकं तपासून तिला इतर शिंगाळ्या पाकटांत घातलं.

धोक्यातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत मात्र दोघं दोन टोकांना. दयाळाची काळजी नाही, मांटा संकटग्रस्त. का, ते मला आमच्या पंपघरात दिसतंय. भिंतीच्या भोकात मादीने चार अंडी घातली, तेराव्या दिवशी पिल्लं बाहेर. केळीच्या बागेत किडे भरपूर, नर-मादी दोघंही चोचीतून आणतात. मांटाची मादी वर्षभर पोटात वाढवते आणि पिल्लू एकच, तेही दरवर्षी नाही. त्यात कल्ल्यांच्या पट्ट्या औषधासाठी चीनकडे विकल्या जातात. एक मादी जाळ्यात गेली की किती वर्षांचं नुकसान, सांग.

म्हणून एक काम कर. तुझ्या ओळखीच्या तांडेलांशी, म्हणजे मासेमारी होड्यांच्या प्रमुखांशी, बोल. जाळ्यात मांटा जिवंत आलं तर जाळं कापून सोडतात का, विचार.

मे महिन्यात ये, ऊन असलं तरी. पिल्लं उडालेली असतील, पण नर शेवग्याच्या शेंड्यावर बसून भल्या पहाटे गातो. तांडेल काय म्हणाले ते तेव्हा सांग.

तुझा,
सुधा